घटना गेटबाहेर उभी आहे

न्हावाशेव्याच्या बंदरानं २०२४-२५ या एका वर्षात ७३ लाख टीईयू माल हलवला. टीईयू म्हणजे वीस फुटी डब्याचं माप. चाळीस फुटी डबा असला की दोन धरायचे. कुठला डबा कुठल्या यार्डात, कितव्या रांगेत, कितव्या थरावर आहे हे इथं बटण दाबलं की कळतं. डब्याला नंबर आहे, सील आहे, विमा आहे. पण हे डबे जहाजावर बांधणारी-सोडणारी माणसं किती, त्यातली कायम किती, ठेक्यावरची किती, आणि ठेक्यावरच्यांत दलित-आदिवासी-भटके किती, असं कुणी विचारून बघावं. त्याला बटण नाही. कारण ते मोजणं कुणावर बंधनकारक नाही.

मी त्या न मोजलेल्यांतला एक. लॅशिंगला आहे. जहाज धक्क्याला लागलं की वर चढायचं, डबे आवळून धरणारे लोखंडी रॉड ढिले करायचे, ट्विस्टलॉक काढायचे, क्रेननं जुने डबे उतरवून नवे ठेवले की तेच सगळं उलट करायचं. रॉड माझ्यापेक्षा लांब आहे. पावसाळ्यात डेक साबणासारखा होतो. हे कुणी चुकचुकावं म्हणून सांगत नाही. मी कुठं उभा राहून बोलतोय ते वाचणाऱ्याला ठाऊक असावं, एवढ्यासाठी.

आता मुद्दा. आपल्यातल्या शिकलेल्या पोरांत हल्ली एक बोलणं फार ऐकू येतं. परदेशी भांडवल आलं की कारखाने येतात, कारखाने आले की नोकऱ्या येतात, आणि भांडवलाला जात नसते. सिंगापूरच्या मालकाला महार काय नि मराठा काय, त्याला काम पाहिजे. मागच्या पिढीनं सरकारी नोकरीच्या मागं लागून आयुष्य घालवलं, आपण बाजारात उतरू. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर निघाली, तिचंही म्हणणं साधारण हेच : नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा.

हे बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यात तथ्य आहे. गावचा पाटील आणि गावचं काम यातून सुटून आमचे बाप-आजे शहरात आले ते शहरानं पगार दिला म्हणूनच. खेड्याच्या गुणगानाला बाबासाहेबांनी कधी भीक घातली नाही, आम्हीही घालणार नाही. यंत्राशी आमचं भांडण नाही, डब्याशी नाही, सिंगापूरशीही नाही. भांडण एवढ्याच वाक्याशी आहे की भांडवलाला जात नसते. सिंगापूरचा मालक मला कामावर ठेवतच नाही हो! त्याचा माझा संबंध येतो कुठं? त्याची टर्मिनल कंपनी, तिनं नेमलेला मोठा ठेकेदार, त्याच्या हाताखालचा छोटा ठेकेदार, त्या ठेकेदाराचा मुकादम, आणि मग मी. मधल्या प्रत्येक पायरीवर माणूस बसलाय आणि त्या प्रत्येकाला जात आहे. वरून येणारं भांडवल बिनजातीचं असेल. खाली येईपर्यंत त्याला गोत्र चिकटलेलं असतं.

मला कामावर घेतलं त्या दिवशी तीन प्रश्न विचारले. दहावी पास का. गाव कुठलं. कुणाच्या ओळखीनं आलास. तिसऱ्याचं उत्तर देताना आडनाव सांगावं लागतं, आणि आडनाव सांगितल्यावर चौथा प्रश्न येत नाही. माझ्या शिफ्टमध्ये यार्डातल्या क्रेनच्या केबिनमध्ये बसलेली पोरं, टॅली लिहिणारी पोरं आणि रॉड ओढणारी, हॅच झाडणारी पोरं यांची आडनावं एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढली. गावच्या वेशीचा नकाशा झाला. क्रेनच्या ट्रेनिंगला कुणाला पाठवायचं ते ठेकेदार ठरवतो. तो आपल्या भाच्याला पाठवतो. यात कायदा कुठं मोडला? कुठंच नाही. हीच तर खुबी आहे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं, ते आपण भिंतींवर रंगवतो. पण त्याच भाषणात त्यांनी जी साधी माहिती दिली ती कुणी रंगवत नाही. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला स्टेशनवर पोर्टर का करत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरकामही करावं लागतं, आणि अस्पृश्याला घरात घेणार कोण? रेल्वे विलायती भांडवलाची, इंजिन विलायती, रूळ विलायती. पण बढतीचा कायदा मनूचा. मुंबईच्या गिरण्यांतही तेच. कातण्याच्या खात्यात आपण चालत होतो, विणण्याच्या खात्यात नाही. तिथं तुटलेला धागा धोट्यातून तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आपलं उष्टं कुणाला चालणार! विणकराचा पगार जास्त. म्हणजे विटाळाची सुद्धा पैशात किंमत होती, आणि ती आपल्याकडून वसूल होत होती. परदेशी गुंतवणूक आपल्याला नवी नाही मित्रांनो. आपण तिच्या तळघरात दीडशे वर्षं काम करतोय.

मग फरक पडला कशानं? बाजारानं पाडला नाही. कायद्यानं पाडला, आणि कायदा कामगारानं भांडून करून घेतला. मुंबईच्या गोदीत पूर्वी टोळीवाल्यांचं राज्य होतं. टोळीवाला माणसं गोळा करी, तोच मजुरी वाटी, तोच आपला हिस्सा कापून घेई. सकाळी गेटवर उभं राहायचं आणि त्यानं बोट दाखवलं तर काम, नाही तर घरी. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला, १९५१ च्या सुमाराला मुंबईत मंडळ आलं. पी. डिमेलोंसारख्या पुढाऱ्यांनी संघटना बांधली म्हणून ते टिकलं. मंडळाची युक्ती सोपी होती. मालक अनेक, जहाजं अनेक, काम कमीजास्त. पण कामगारांचा नोंदणीपट एकच. ज्याचं नाव पटावर, त्याला पाळीनं काम. काम नसेल तर हजेरीचा पैसा आणि महिन्याच्या किमान दिवसांची हमी. टोळीवाल्याचं बोट छाटून टाकलं त्या पटानं.

माझ्या आजोबांकडे त्या मंडळाचं कार्ड होतं. मंडळ म्हणजे स्वर्ग नव्हता. पटावर नाव चढवायलाही वशिला लागायचा असं म्हातारे सांगतात. पण एकदा चढलं की मुकादमाच्या बापाला ते खोडता येत नसे. वडाळ्याच्या खोलीतलं बाबासाहेबांच्या तसबिरीखालचं पहिलं पुस्तकाचं कपाट त्या कार्डावर आलं. आमच्या घराण्यात जे काही अक्षर शिरलं ते तिथून.

पुढं काय झालं ते तारखांनी सांगतो, कारण या तारखा आपल्या पोरांना पाठ पाहिजेत. मुंबई बंदराला गर्दी झाली म्हणून खाडीच्या या बाजूला जवाहरलाल नेहरू बंदर बांधलं, ते २६ मे १९८९ ला सुरू झालं. मुंबईचं गोदी कामगार मंडळ १९९४ साली पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन केलं. १९९७ साली संसदेनं आणखी एक कायदा केला; त्याचं काम एवढंच, की मंडळं विलीन झाली की १९४८ चा कायदा मोठ्या बंदरांना लागू राहू नये. आणि त्याच १९९७ साली न्हावाशेव्याला पी अँड ओ या परदेशी कंपनीच्या पुढाकारातल्या गटाबरोबर तीस वर्षांचा करार झाला. देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल. १९९९ ला ते चालू झालं. एका वर्षात एका हातानं पट पुसला आणि दुसऱ्या हातानं करार लिहिला. हा योगायोग असेल तर सरकारचे योगायोग फार शिस्तीचे असतात.

२००६ साली दुबईच्या डीपी वर्ल्डनं अख्खी पी अँड ओ विकत घेतली. तेव्हा अमेरिकेत केवढा गदारोळ! आमची बंदरं अरबांच्या ताब्यात कशी, म्हणून तिथल्या संसदेत भांडणं झाली, आणि कंपनीला तिथला धंदा सोडावा लागला. न्हावाशेव्याला काय झालं? पाटी बदलली. त्याच साली डेन्मार्कच्या मर्स्क गटाचं टर्मिनल आलं. मग २०१४ च्या करारानं सिंगापूरची पीएसए आली, सुमारे ७,९०० कोटींचा प्रकल्प, बंदरातली मोठी परदेशी गुंतवणूक म्हणून गाजलेला. २०१८ ला त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. सरकारच्या हाती एक टर्मिनल उरलं होतं, तेही कामगारांचा विरोध डावलून २०२२ ला खासगी जोडीच्या हवाली केलं. आणि मग अभिमानानं जाहीर झालं : हे देशातलं पहिलं शंभर टक्के ‘लँडलॉर्ड’ मोठं बंदर. लँडलॉर्ड! मराठीत जमीनदार. ज्या महाराष्ट्रात कूळकायदा झाला तिथं सरकार स्वतः जमीनदार झालं आणि त्याची कुळं कोण, तर दुबई, डेन्मार्क, सिंगापूर. राबणाऱ्याचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही.

इथं थांबून नीट बघा. पोर्ट ट्रस्ट ही सरकारी संस्था. तिथल्या भरतीला बिंदुनामावली लागू. शंभर जागा भरल्या तर कुठली अनुसूचित जातीची, कुठली जमातीची, हे कागदावर ठरलेलं. साहेबाला आवडो न आवडो. घटनेचं १६ (४) कलम सरकारी नोकरीपुरतं बोलतं, खासगी मालकाला ते शिवत नाही. म्हणजे धक्का तोच, समुद्र तोच, जमीन अजून सरकारचीच, जहाजं तीच. फक्त क्रेन कुणाची हे बदललं आणि आरक्षण गेलं. त्यासाठी संसदेत विधेयक आलं नाही. घटनादुरुस्ती झाली नाही. मोर्चा निघाला नाही, दगड पडला नाही, आपल्या एकाही आमदारानं राजीनामा दिला नाही. आरक्षण रद्द करा म्हणून ओरडणाऱ्यांशी आपण चाळीस वर्षं चौकाचौकात भांडत राहिलो, आणि आरक्षण मागल्या दारानं बोटीत बसून निघून गेलं. ते कुणी रद्द केलं नाही. नोकरीच तिथून उठवून जिथं आरक्षण पोहोचत नाही तिथं नेऊन ठेवली.

सरकार म्हणतं, खासगी कंपनीवर अट कशी घालणार? गुंतवणूक पळून जाईल. मग ही माहिती ऐका. चौथ्या टर्मिनलच्या बोलीत पीएसएनं सरकारला उत्पन्नाचा ३५.७९ टक्के हिस्सा कबूल केला. त्याआधी २०११ मध्ये त्यांच्याच जोडीची बोली ५०.८२८ टक्क्यांची होती, ती पुढं फिसकटली. पैशाचा वाटा मागताना सरकार दशांश चिन्हानंतर तीन आकडे मोजतं. धक्क्याची लांबी किती, क्रेन किती, क्षमता किती, सगळ्याच्या अटी असतात. त्या अटींनी गुंतवणूक पळत नाही. बिंदुनामावलीचा एक बिंदू लिहिला तर मात्र ती पळणार! २००४ पासून दिल्लीत खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा झाली, २००६ ला उद्योगपतींच्या संघटनांनी स्वेच्छेच्या आचारसंहिता काढल्या. स्वेच्छेनं आपल्याला पाणवठ्यावर कुणी पाणी दिलं होतं का?

आणि न्यायालय. १९७६ साली केंद्र सरकारनं अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांमध्ये झाडलोट, सफाई, राखण या कामांत ठेकेदारी बंद केली. त्यावरून एअर इंडियाच्या सफाई कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला : ठेका बंद झाला की कामगार मूळ मालकाचा झाला. पाच वर्षंसुद्धा तो निकाल टिकू दिला नाही. ३० ऑगस्ट २००१ ला पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठानं तो फिरवला. ठेकेदारी बंद केली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असं ठरलं. त्या खटल्यात समोर उभी असलेली युनियन कुठली माहीत आहे? नॅशनल युनियन वॉटरफ्रंट वर्कर्स. किनाऱ्यावरचेच कामगार. म्हणजे १९७० च्या कायद्याचं नाव ‘ठेका कामगार नियमन आणि निर्मूलन’, पण निर्मूलन झालंच तर कामगाराचं. तरी दार पूर्ण बंद झालं नाही. ठेका खोटा आहे, नुसता पडदा आहे, हे सिद्ध करता येतं. मुंबई महापालिकेच्या २,७०० कचरा कामगारांनी ते करून दाखवलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कायम करायला लावलं. त्यातले बहुतेक आपले. वर्षानुवर्षं कागद जपून ठेवले म्हणून जिंकले.

कागदाचं सांगतो, कारण ठेकेदारालाही कागदाची किंमत कळते. माझ्याबरोबरची माणसं पाच-सहा वर्षं त्याच धक्क्यावर तेच रॉड ओढताहेत, पण दर दीड-दोन वर्षांनी वेतनचिठ्ठीवरचं नाव बदलतं. नवी एजन्सी, नवा पास, नवी रुजू तारीख. माणूस जुना, नोकरी सदैव नवी. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग सेवा लागायची. ती भरायच्या आत पाटी पुसली जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात मुदतीच्या कामगाराला वर्षभरानं ग्रॅच्युइटीचा हक्क दिलाय, ते चांगलं आहे, ते आपण घ्यायचं, सोडायचं नाही. पण ठेका कामगारांचा कायदा पूर्वी वीस माणसांच्या ठेक्याला लागत होता, तो आता पन्नासाला लागतो. तेव्हा उद्या एकोणपन्नास-एकोणपन्नासाच्या एजन्स्या निघतील. आपल्या ठेकेदारांना गणित उत्तम येतं.

३ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. कारण? गुंतवणूक यावी. आठवड्याचे तास ४८ च राहतील म्हणतात. ते ४८ कुणी आणले? १९४६ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५४ चे ४८ झाले. तेव्हा परदेशी राज्य होतं, आणि युद्धानं दिवाळं वाजलेलं. तरी तास उतरले. आता जगातली चौथी-पाचवी अर्थव्यवस्था म्हणवतो आणि तास चढतात. त्या बारा तासांत पनवेलहून किंवा उलव्याहून कंपनीच्या गेटपर्यंत जाण्यायेण्याचे दोन धरा. उरलेल्या दहात झोपायचं, खायचं, पोराचं तोंड बघायचं, आणि कविता लिहायची. माझी कविता म्हणूनच आखूड आहे. समीक्षक तिला ‘मितभाषी’ म्हणतात.

नवी मुंबईत हा विषय काढला की एक उत्तर ठरलेलं : स्थानिक प्रकल्पग्रस्तांना आधी. बरोबर आहे, आधी त्यांनाच. सिडको १७ मार्च १९७० ला निघाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघरला गोळीबार झाला, पाच माणसं मेली, तेव्हा कुठं दि. बा. पाटलांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व मान्य झालं. कोळ्यांची तर खाडीच गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये हरित लवादानं उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांची भरपाई द्यायचा आदेश दिला. आगरी-कोळी बांधवांच्या या लढ्याला आमचा लाल-निळा सलाम आहे. पण एक प्रश्न त्यांनाच विचारतो, भावासारखा. साडेबारा टक्के कशाचे? जमिनीचे. जमीन कुणाची? सातबारा ज्याच्या नावे त्याची. त्याच गावांत बौद्धवाडी होती, कातकरीवाडी होती. ती माणसं दुसऱ्याच्या भातखाचरात राबत होती, दुसऱ्याच्या मिठागरावर पाय सोलून घेत होती. त्यांचीही रोजी गेली. शून्याचे साडेबारा टक्के किती होतात? भूमिहीनांसाठी काही लहान तरतुदी झाल्या, त्या झाल्या. पण नुकसान मोजायचं मूळ माप सातबाराच राहिलं. आणि ज्याच्या हातात प्रकल्पग्रस्ताचा दाखला नाही, तो पुढं नोकरीच्या रांगेत ‘बाहेरचा’. चार पिढ्या त्याच गावात मेलेला माणूस बाहेरचा!

यात आगरी कामगाराचाही फायदा झालेला नाही. दाखला दाखवून त्यालाही मिळतो तो ठेकाच. स्थानिकांच्या नावानं कामगार पुरवायचा ठेका मिळतो तो स्थानिक पुढाऱ्याला, आणि त्याच्या हाताखाली आगऱ्याचं पोर आणि बौद्धाचं पोर एकाच रॉडची दोन टोकं धरतात. एकाला मुकादम ‘भावड्या’ म्हणतो, दुसऱ्याला नावानं हाकही मारत नाही. पगार दोघांचा तोच. या जिल्ह्याला हे जोडकाम नवं नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांविरुद्ध संप केला, नारायण नागू पाटलांनी तो चालवला, आणि खोती नष्ट करायचं विधेयक १९३७ ला कौन्सिलात मांडलं ते बाबासाहेबांनी. १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर गेला, तेव्हा कुळाला खोताविरुद्ध कोण उभं राहिलं हे आगरी समाज विसरला नसेल. आज खोत पुन्हा आलाय. त्याच्याकडे जमीन नाही, माणसं पुरवायचा परवाना आहे.

बाहेरच्या जगातही बघा. १७ मार्च २०२२ ला इंग्लंडात पी अँड ओ फेरीज या कंपनीनं सुमारे ८०० खलाशी एका व्हिडिओ निरोपानं काढले आणि त्यांच्या जागी कमी पगाराची एजन्सीची माणसं आणली. ही कंपनीही डीपी वर्ल्डचीच. गोऱ्या खलाशाला तेव्हा कळलं की मधे एजन्सी बसली की माणसाचं काय होतं. तिथं निदान संसदेनं साहेबाला बोलावून जाब विचारला. आपल्याकडे दर दोन वर्षांनी पास बदलतात आणि आपल्या प्रतिनिधींना त्याचा पत्ता नसतो. जयंतीला मात्र येतात. वर्गणीही बरी देतात, ठेकेदारही देतो. यंदा कुणाच्या पैशानं डीजे वाजला ते वस्तीवस्तीत विचारा.

आता मागणीचं बोलू, कारण नुसतं ओरडून गेट उघडत नाही. पहिली गोष्ट नोंदणीपट. न्हावाशेव्याची सगळी टर्मिनलं, सगळे कंटेनर फ्रेट स्टेशन, मिळून एकच पट पाहिजे. ठेकेदार येवो जावो, पटावरचं नाव आणि रुजू तारीख कायम. हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी वाशीच्या बाजारात जावं. १९६९ चा माथाडी कायदा नेमका हेच करतो. मालक शेकडो, मंडळ एक. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडीला जमतं ते लॅशिंगवाल्याला का नाही? दुसरी, करारात बिंदुनामावली. जमीन सरकारची आहे, सरकार जमीनदार आहे, तर जमीनदारानं कुळाला अट घालावी : माझ्या जमिनीवर काम देशील ते घटनेप्रमाणे. आणि ही अट झाडूवाल्याच्या कामाला नको, ती जागा आम्हाला आरक्षणाशिवायच मिळते. क्रेनच्या केबिनला, ट्रेनिंगच्या यादीला, सुपरवायझरच्या खुर्चीला पाहिजे. १९९७ चा करार तीस वर्षांचा, म्हणजे तो २०२७ ला संपतो. जो कागद नव्यानं लिहिला जाईल त्याच्यावर आपली ओळ आताच मागायला पाहिजे; सही झाल्यावर बोंबलून पुढची तीस वर्षं ऐकणारं कुणी नसतं.

पालघरला वाढवण बंदर होतंय. जून २०२४ ला केंद्रानं मंजुरी दिली, ७६,२२० कोटी खर्च, सुमारे १० लाख रोजगार सांगितलेत. तिथल्या मच्छीमारांचा आणि आदिवासींचा विरोध आहे आणि आम्ही त्यांच्या बाजूला आहोत. पण १० लाखांचा आकडा सांगणाऱ्याला एकच विचारायचं : यातल्या किती माणसांच्या वेतनचिठ्ठीवर बंदराचं नाव असेल?

पुढचा अंक फक्त वेतनचिठ्ठ्यांचा काढायचा आहे. न्हावाशेवा, तळोजा, टीटीसी, वाशी-तुर्भे, महापालिकेची सफाई, मॉलचा सिक्युरिटीवाला, कुरियरचा पोरगा, सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठीची झेरॉक्स पाठवा. स्वतःचं नाव आणि पास नंबर काळ्या शाईनं खोडा. किती वर्षं एकाच जागी काम करता, त्या काळात एजन्सीची नावं किती वेळा बदलली, आणि तुमच्या खात्यात कुठल्या कामावर कुठल्या समाजाची माणसं आहेत एवढं मागच्या बाजूला लिहा. पेन्सिलनं लिहिलं तरी चालेल. ज्यांना वेतनचिठ्ठी मिळतच नाही त्यांनी कोरा कागद पाठवा, तारीख घालून. तोही छापू.